उसना गळ

थेआनोला कुणी विचारलं, की बाई, तू त्या प्रयोगशाळेत दिवसभर करतेस तरी काय, तर ती सांगायची, "जंतूंना उपाशी ठेवते." विचारणारा हसायचा. ती मात्र हसायची नाही, कारण तिनं खरं तेच सांगितलेलं असायचं.

बेटाच्या किनाऱ्यावरच्या लार्नाका शहरात, रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, धुतलेल्या चादरी वाळत घालायच्या गच्चीखाली तिच्या दोन खोल्या होत्या. सकाळचा वेळ रोग्यांचा: कुणाची थुंकी, कुणाची लघवी, कुणाच्या जखमेतला पू. ते उरकून निकाल वर पाठवले, की दुपारपासून आतली खोली तिची. तिथं ती एकाच प्रश्नाच्या मागे हात धुऊन लागलेली होती. थेस्सालोनिकीला शिकायला गेली तेव्हा तो प्रश्न तिच्या मानगुटीवर बसला, तो उतरायचं नावच घेत नव्हता. जंतूला लोह मिळतं कुठून?

प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. लोहावाचून जंतू वाढत नाही, आणि माणसाचं शरीर लोहाच्या बाबतीत महाकंजूस. एक कणसुद्धा ते मोकळा पडू देत नाही, सगळं कडीकुलपात. मग हा डोळ्यांना न दिसणारा जीव करतो काय, तर गळ टाकतो. गावाकडे विहिरीत बादली पडली की दोराला आकड्यांचा गळ बांधून आत सोडतात, चाचपडत फिरवतात, आणि बादली अडकली की वर ओढतात, तसंच. जंतू आपल्या अंगातून एक बारीकसा रेणू बाहेर सोडतो. तो रेणू लोहाला धरतो, आणि जंतूच्या अंगावर नेमकं त्याच मापाचं एक दार असतं, त्या दारानं लोहासकट आत येतो. शास्त्रात ह्या गळाला जे नाव आहे ते मुळात ग्रीकच: लोखंड वाहून नेणारा. परदेशातल्या मुलांना तो शब्द घोकावा लागतो. थेआनोच्या आईनं, देस्पिनूनं, तो एकदा ऐकला आणि म्हणाली, "म्हणजे बंदरावरचे हमाल."

"तसेच, आई. पण हे माल घेऊन मालकाच्याच घरी परत येतात."

"मग आपल्या हमालांपेक्षा बरे," देस्पिनू म्हणाली आणि चण्यातले खडे निवडत राहिली.

हा गळ बघायचा तर जंतूला आधी उपाशी ठेवावं लागतं, कारण पोट भरलेलं असलं की तो गळ टाकायच्या भानगडीत पडत नाही. आणि उपाशी ठेवणं म्हणजे डोक्याला ताप. लोह कुठं नसतं? नळाच्या पाण्यात असतं, चमच्यात असतं, वाऱ्यानं आत येणाऱ्या लाल धुळीत असतं, काचेच्या भांड्यालासुद्धा चिकटून बसलेलं असतं. म्हणून थेआनो भांडी आम्लात बुडवून ठेवायची, मग पुन्हा पुन्हा शुद्ध पाण्यानं विसळायची. चमचे प्लास्टिकचे. खिडकी भर उन्हाळ्यातही बंद. झाडलोट करणारी रोदू दाराबाहेरूनच ओरडायची, "बाई, आमचा उपास ईस्टरला सुटतो, तुमच्या किड्यांचा कधी सुटायचा?"

"त्यांनी गळ दाखवला की," थेआनो आतून म्हणायची.

आता, जगात इतके प्रश्न पडलेले असताना हिला हाच का सापडला, असं कुणी विचारलं नाही, कारण तिचं घर सगळ्यांना माहीत होतं. तिच्या घरात लोह ही पुस्तकातली गोष्ट नव्हती. तिचा धाकटा भाऊ लोइझोस थॅलसेमियाचा. दर महिन्याला त्याला दुसऱ्याचं रक्त चढवायचं, तेव्हा तो पुढचा महिना काढणार. पण त्या उसन्या रक्ताबरोबर लोह येतं, आणि शरीराला ते बाहेर टाकता येत नाही. मग ते साठत जातं, यकृतात, हृदयात. रक्त दिलं नाही तर पोर जात होतं आणि दिलं तर उशिरा जात होतं. थेआनोच्या लहानपणी त्यांच्या गावात अशी तीन घरं होती. त्यातलं एकच पोर मोठं झालं, ते हे.

युद्धात गाव सुटलं त्या उन्हाळ्यात लोकांनी जमेल ते उचललं. कुणी शिवणयंत्र, कुणी देवाच्या तसबिरी. देस्पिनूनं फक्त लोइझोसला उचललं. तो तेव्हा बारा वर्षांचा होता, पण अंगानं सातआठचा वाटायचा. निर्वासितांच्या वसाहतीत घर मिळालं, त्यात ही तिघं राहू लागली. बाप आधीच गेलेला होता. थेआनोचा एकदा साखरपुडाही झाला. मुलगा सुतारकाम करायचा, हसरा होता. लग्नाआधी दोघांनी रक्त तपासलं तर दोघांच्याही रक्तात ह्याच रोगाचा अर्धा दोष निघाला, म्हणजे पोर लोइझोससारखं व्हायची भीती. तो म्हणाला, होईल ते बघू. थेआनो म्हणाली, मी बघितलंय. तिनं अंगठी परत केली, आणि त्यावर घरात पुन्हा बोलणं झालं नाही.

लोइझोस मोठा झाला तो मोठा टवाळ झाला. सेंट लाझारसच्या देवळाशेजारी त्यानं रेडिओ दुरुस्तीची टपरी टाकली होती. बुटका, पिवळट, गालफडं वर आलेली. पण तोंड एक क्षण गप्प नाही. देवळात येणाऱ्या बाया त्याची कीव करायला लागल्या की तो म्हणायचा, "मावशी, तुमचा लाझारस मेल्यावर एकदा उठला तर त्याच्यावर देऊळ बांधलंत. मी दर महिन्याला उठतो, मला निदान एक कॉफी पाजा." बाया हसत, क्रूस करत, आणि खरंच कॉफी सांगत.

मग पंप आला. एक औषध निघालं होतं, ते कातडीखाली रात्रभर हळूहळू सोडत राहिलं की लोहाला धरून लघवीवाटे बाहेर काढायचं. लहान ट्रान्झिस्टरएवढा पंप, त्याला सुई, सुई पोटाच्या कातडीत. थेआनोनं औषधाची माहिती वाचली आणि तिला हसूच फुटलं. ते औषध म्हणजे मातीतल्या एका जंतूचा गळ होता. कुणीतरी तो गोळा करून, शुद्ध करून, बाटलीत भरला होता. आयुष्यभर ती ज्याच्या मागे होती तीच वस्तू तिच्या भावाला वाचवायला दारात आली होती. त्या रात्री ती आनंदानं रडली, हे ती स्वतःच कधीतरी सांगायची.

आईला सुई टोचायला तिनंच शिकवलं, आधी संत्र्यावर, मग स्वतःच्या मांडीवर. "आई, एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव," ती म्हणाली होती. "जग इकडचं तिकडे झालं तरी पंप चुकवायचा नाही." देस्पिनूनं ते असं पक्कं ठेवलं की बस. रोज संध्याकाळची जेवणं झाली की टेबल पुसायचं, हात धुवायचे, औषधाची पूड पाण्यात विरघळवायची, आणि लोइझोसनं सदरा वर करायचा. सकाळी ती त्याच्या लघवीचा रंग बघायला जायची. विटकरी दिसली की तिचा दिवस चांगला जायचा. शेजारणीला ती भिंतीवरून सांगायची, "काल बरंच निघालं गं," आणि शेजारीणही म्हणायची, "देवाची कृपा."

इकडे थेआनोच्या आतल्या खोलीत एक नवीन जंतू आला होता. आतड्यात शिरणारा, बहुतेक डुकराच्या कच्च्या मांसातून येणारा, कुणाला फारसा माहीत नसलेला, यर्सिनिया त्याचं नाव. तिच्याकडच्या ह्या जातीत एक गंमत होती: तिला स्वतःचा गळ बनवता येत नव्हता. मग ती जगते कशी? थेआनोनं एका काचेच्या बशीत उपासाचं खाद्य ओतलं, त्यावर हे जंतू पसरले, आणि वर कागदाच्या बारीक टिकल्या ठेवल्या, प्रत्येक टिकली वेगवेगळ्या गळात भिजवलेली. असल्या टिकल्या ती एरवी अँटिबायोटिकच्या ठेवायची; तेव्हा टिकलीभोवती जंतू मरतात आणि स्वच्छ गोल दिसतो. इथं उलट होतं. सगळी बशी रिकामी, आणि एकदोन टिकल्यांभोवती मात्र जंतूंचं दाट पांढरं कडं. ज्याला स्वतःचा गळ नाही तो दुसऱ्याचा उसना घेऊन आपली बादली काढत होता. आणि सगळ्यात रुंद कडं होतं ते लोइझोसच्या औषधाच्या टिकलीभोवती.

थेआनोनं ती बशी उजेडात धरून कडं पट्टीनं मोजलं. मग तिनं ती तीन वेळा पुन्हा करून पाहिली. राजधानीत, निकोसियाला, डॉक्टरांच्या बैठकीत तिनं हे मांडलं. डॉक्टर भले होते, त्यांनी ऐकून घेतलं. एक जण म्हणाला, "बाई, बशी ती बशी आणि माणूस तो माणूस. पंपावरची पोरं बरी दिसताहेत, लग्नं करायला निघाली आहेत. त्यांना तुम्ही काय सांगणार?" त्याचं चुकत नव्हतं. तिनं बशी पुसली, आणि घरी काहीच बोलली नाही, कारण अजून बोलण्यासारखं काही नव्हतं.

ईस्टरपर्यंतचा मोठा उपास सुरू व्हायच्या आधी मांस भाजायचा गुरुवार येतो. त्या दिवशी गल्लोगल्ली कोळसे पेटतात आणि सगळं गाव डुकराच्या चरबीच्या धुरानं भरून जातं. लोइझोस मित्रांबरोबर गेला आणि अर्धं कच्चं अर्धं जळकं मांस खाऊन, थोडी झिवानिया, म्हणजे इथली द्राक्षांची दारू, पिऊन, पहाटे परतला. पंप अर्थातच नाही. पुढे सगळे दिवस कार्निव्हलचे. कधी मुखवटे, कधी नाच, कधी हा कुणाच्या तरी घरी झोपलेला. पंप पुन्हा पुन्हा चुकला.

"तू मला मारून मगच थांबणार," देस्पिनू म्हणाली.

"आई, एक आठवडा. वर्षभर मी पोटात सुई घेऊन उताणा झोपतो. एक आठवडा मला कुशीवर झोपू दे."

"कुशीवर झोपून मेलास तर?"

"तर निदान आरामात मेलो असं तरी सांगशील."

देस्पिनूनं त्याला झाडूनं मारायचं तेवढं बाकी ठेवलं. आणि चुकलेले दिवस भरून काढायचे म्हणून तिनं आपल्या मनानं बाटल्या दुप्पट केल्या. त्याला जेव्हा ताप भरला आणि पोट दुखायला लागलं, तेव्हा तर तिची खात्रीच पटली की हे लोह आहे, साठलेलं लोह बोलतंय. आता रात्रीबरोबर दिवसाही पंप चालू झाला. ही चूक आमच्या बेटावरच्या असल्या पंपवाल्या घरांतच होऊ शकते, दुसरीकडे नाही. आळशी आई असती तर तिनं पंप कोनाड्यात ठेवला असता, आणि पोराचं दुखणं इतक्या थराला गेलं नसतं. देस्पिनू आळशी नव्हती.

शनिवारी थेआनोनं त्याचं रक्त घेतलं आणि त्यात जंतू वाढतात का ते बघायला दोन नळ्यांत घालून ठेवलं. एक उबेच्या पेटीत ठेवली, दुसरी खिडकीतल्या फळीवर. रविवारी ताप वाढला तेव्हा त्याला रुग्णालयात आणलं. सोमवार उपासाचा पहिला दिवस. सगळं लार्नाका ऑलिव्ह, पाव आणि पतंग घेऊन शेतात गेलेलं. रुग्णालयात माणसं बोटांवर मोजण्याइतकी. पाळीवर डॉक्टर फिवोस होते, पोटाचे सर्जन, भारी गडी, तोंडानं फटकळ.

त्यांनी लोइझोसच्या पोटावर उजवीकडे खाली बोटं दाबली. लोइझोस कळवळला. "डॉक्टर," तो दात आवळून म्हणाला, "तिथं दाबायचं तर आधी नोटीस देत जा."

"अपेंडिक्स," फिवोस देस्पिनूला म्हणाले. "संध्याकाळी पोट उघडतो."

त्याच वेळी थेआनो खाली दोन्ही नळ्यांतले थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघत होती. उबेतल्या नळीतले जंतू गप्प पडलेले. खिडकीतल्या, गार नळीतले मात्र सळसळत पोहत होते. यर्सिनियाची ही खोड आहे: माणसाच्या अंगाच्या उबेत तो निपचित राहतो आणि गारव्यात नाचायला लागतो. थेआनोनं आपल्या आतल्या खोलीतली जुनी जात बाहेर काढली, शेजारी ठेवली, आणि पुन्हा बघितलं. तेच ते. बशीतला प्राणी तिच्या भावाच्या रक्तात होता.

जिन्यानं ती धावतच वर आली.

"डॉक्टर, उघडू नका. यर्सिनिया आहे. आतड्याजवळच्या गाठी सुजल्या असणार. अपेंडिक्ससारखंच दुखतं ते."

"थेआनो, मला जंतूची जात नका सांगू. तुमची खात्री किती, ते सांगा."

"जंतूबद्दल पुरती आहे. पोटाबद्दल तुम्हाला जास्त कळतं."

फिवोसनी मिशीवरून बोट फिरवलं. "ह्याच्यासारख्याचं पोट उघडायला मलाही हौस नाही," ते म्हणाले. "अँटिबायोटिक लगेच सुरू करू. सकाळपर्यंत थांबतो. पण पोट फळीसारखं कडक झालं तर मी तुम्हाला विचारायला खाली येणार नाही."

"नका येऊ. आणि पंप बंद करायला हवा."

"पंप? कुठला पंप? दाखल करताना कुणी बोललं नाही."

थेआनोनं पांघरूण बाजूला केलं. टॉवेलात गुंडाळलेला पंप लोइझोसच्या कुशीत घरघरत होता. देस्पिनूनं तो पिशवीतून आणला होता, आणि नर्सची पाठ वळताच जोडलाही होता.

फिवोस काही बोलायच्या आत देस्पिनू पलंग आणि मुलीच्या मधे उभी राहिली. "हात लावायचा नाही," ती म्हणाली.

"आई, बाजूला हो."

"तूच मला संत्र्यावर टोचायला लावलंस ना? जग इकडचं तिकडे झालं तरी पंप चुकवू नकोस, कोण म्हणालं होतं?"

"मीच."

"ही सगळी वर्षं मी कुणाच्या लग्नाला गेले नाही, कुणाच्या मयताला राहिले नाही. का? संध्याकाळी सुई लावायची म्हणून. आणि आज पोरगं तापानं फणफणलंय, आज तू म्हणतेस काढ?"

"आज म्हणते काढ."

"का?"

थेआनो शिकलेली होती. तिच्याजवळ ह्या 'का'ची उत्तरं पुष्कळ होती, त्यातलं तिनं आईला कळेल असं एक निवडलं. ती म्हणाली, "हे औषध म्हणजे गळ आहे, आई. लोइझोसच्या अंगातलं लोह अडकवून बाहेर काढतो. पण आता आत एक चोर शिरलाय. त्याच्याकडे स्वतःचा गळ नाही. तो हा आपलाच वापरतोय. आपण जेवढा गळ सोडू तेवढं त्याचं पोट भरतं."

"तुला कसं कळलं?"

"मी बघितलंय. बशीत बघितलंय. बाकी कशावर तो एवढा वाढला नाही, ह्या औषधावर वाढला."

देस्पिनू हळूच पलंगाच्या कडेवर बसली. "म्हणजे ह्या आठवड्यात," ती म्हणाली, "मी दुप्पट देत होते."

फिवोस खिडकीकडे वळले. लोइझोसनं डोळे मिटलेले होते, पण तो झोपलेला नव्हता. थेआनोला खोटं बोलायचं होतं. तिच्या आयुष्यात खोटं बोलायची इतकी गरज तिला कधीच वाटली नव्हती. पण आईनं उत्तर मागितलंच नाही. ती उठली, तिनं मुलाचा सदरा वर केला, सुई एका झटक्यात बाहेर काढली, कापूस दाबून धरला. मग पंप बंद केला आणि टॉवेलात गुंडाळून मुलीच्या हातात दिला. "घेऊन जा हे," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांसमोर नको."

त्या रात्री ताप उतरला नाही. पण पोटही कडक झालं नाही. पुढच्या दिवसांत ताप एक पाऊल खाली, अर्धं पाऊल वर, असं करत करत उतरला. लोइझोसनं सूप मागितलं, मग रेडिओ मागितला, मग नर्सशी भांडला. तेव्हा सगळ्यांनी ओळखलं की हा पुन्हा उठला.

खरी कठीण गोष्ट घरी आल्यावर सुरू झाली, आणि ती कुठल्या बशीत बघितलेली नव्हती.

अँटिबायोटिकचं औषध संपलं. थेआनोनं लोइझोसचे नमुने पुन्हा पुन्हा तपासले. एक नमुना तर तिनं मुद्दाम फ्रिजमध्ये कितीतरी दिवस ठेवला, कारण हा जंतू इतर सगळे थंडीनं गारठले की एकटा वाढतो. काही वाढलं नाही. रक्ताच्या डॉक्टरांनी सांगितलं, पंप पुन्हा सुरू करा, नेहमीचाच, एकच बाटली. आणि पुन्हा ताप आला तर त्याच दिवशी बंद. सरळ होतं सगळं. देस्पिनूनं मान डोलावली, टेबल पुसलं, हात धुतले, आणि म्हणाली, "उद्यापासून."

उद्या तिचं डोकं दुखलं. परवा सण होता, उपासातही मासा चालतो असा, सगळे खारा मासा खायला बसले. नंतर पंपाच्या बॅटऱ्या संपल्या म्हणाली, त्या संपल्या नव्हत्या. थेआनो कामावरून आली की आधी फडताळ बघायची. बाटल्या तशाच.

"आई, लोह साठतंय. तुला माहितेय ना?"

"माहितेय."

"पंपाशिवाय तो किती वर्षं—"

"मला शिकवू नकोस, मला माहितेय!" देस्पिनू ओरडली. मग आवाज उतरवून म्हणाली, "तू सांगितलंस तेव्हा लावला. तू सांगितलंस तेव्हा काढला. माझ्या हाताला विचारलं का कुणी? हात लावायला गेलं की मला दिसतं, तो तुझा चोर तोंड उघडून बसलाय."

थेआनो चिडली. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. जंतू कुठल्या स्थितीत काय करील हे ती छातीठोक सांगू शकायची: उपाशी असला की गळ टाकील, पोट भरलेलं असलं की टाकणार नाही. आई त्या जातीची नव्हती. एकच वस्तू एकदा तारते आणि एकदा मारते, हे प्रयोगशाळेत फार सुरेख वाटतं. तिथं ती दुसऱ्या बशीत घालून बघता येते. इथं बशी एकच होती, ती तेवीस वर्षं पोटाशी धरून देस्पिनू जगली होती, आणि तिच्या हातून ती एकदा निसटता निसटता राहिली होती. भीती वाटायलाच हवी होती. थेआनोलाही वाटत होती, फक्त तिच्याकडे ती लपवायला पांढरा कोट होता.

त्या संध्याकाळी जेवण उपासाचंच होतं, चवळी आणि पालेभाजी, वर लिंबू. जेवणं झाली. देस्पिनूनं टेबल पुसलं. आज तिनं सबब सांगितली नाही. पूड विरघळवली, सिरिंज भरली, हवा काढली. लोइझोसनं सदरा वर केला. त्याच्या पोटावर जुन्या सुयांच्या गाठीच गाठी होत्या, मधे मधे थोडी मऊ जागा. देस्पिनूनं तशी एक जागा चिमटीत धरली. सुई तिथवर नेली. आणि हात तिथंच थांबला. तो पुढे जाईना.

"दे, मी लावते," थेआनो म्हणाली आणि सुई तिनं घेतली. जन्मभर तिनं रोग हाताळले होते. कॉलरा, टायफॉईड, क्षय, कशालाही तिचा हात डगमगला नव्हता. पण भावाची कातडी चिमटीत धरली आणि तिच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत तिनं स्वतः हे एकदाही केलेलं नाही. शिकवलं आणि मोकळी झाली होती. तिला ते पांढरं कडं दिसलं, टिकलीभोवतीचं. तिचाही हात थांबला.

लोइझोसनं आधी आईकडे बघितलं, मग बहिणीकडे. दोघी त्याच्या पोटावर वाकून उभ्या होत्या, पुतळ्यासारख्या.

"अहो बायांनो," तो म्हणाला, "माझा हात भरून आला सदरा धरून. दे ती सुई इकडे, ताई."

"तुला येतं?" थेआनोनं विचारलं.

"माझंच पोट आहे. पत्ता ठाऊक आहे मला."

त्यानं सदऱ्याचं टोक दातांत धरलं. पहिल्यांदा सुई वाकडी गेली, रक्ताचा थेंब आला. त्यानं ती काढली, नवी घेतली, खालची जागा शोधली, श्वास धरला आणि टोचली. मग चिकटपट्टी लावली, जरा वाकडीच. पंप सुरू झाला. आता देस्पिनूच्या हातांना काहीच काम उरलं नव्हतं. ती ते ॲप्रनला पुसत राहिली, कोरडे असूनही.

"दुखलं का रे?" तिनं विचारलं.

पंप घरात आला त्या दिवसापासून आजवर तिनं हा प्रश्न कधी विचारला नव्हता. लोइझोसनं दातांतून सदरा सोडला. 

"रोजच दुखतं, आई," तो म्हणाला.

देस्पिनूनं मान हलवली. "मला माहीत होतं," ती म्हणाली, "म्हणूनच विचारलं नाही."